कडूबाईचं बॅडमिंटनचं खळं

टाकळीच्या ज्वारीत खडा निघत नाही, हे मानवतच्या अडत्यांना तोंडपाठ होतं. दुसऱ्या गावचं पोतं उघडलं की अडत्या चार दाणे दाताखाली धरायचा आणि मगच भाव बोलायचा. टाकळीचं पोतं आलं की न उघडताच आत टाकायला सांगायचा. हे सगळं खळ्याचं पुण्य. खळं ठिसूळ असलं की बैलांच्या खुरांनी माती सुटते, ती दाण्यात मिसळते आणि मग वर्षभर घरोघरच्या बायका सूप घेऊन नशिबाला बोल लावत बसतात. टाकळीची खळी सटवाजी करायचा. निदान लोक तसं म्हणायचे.

खरं सांगायचं तर माती कोणती आणायची, भुसा किती घालायचा, पाणी कधी तोडायचं, हे सगळं त्याची बायको कडूबाई ठरवायची. सटवाजी भला माणूस, सांगितलं तेवढं करायचा. शेवटी खळ्याच्या मधोमध मेढ रोवायची, म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब, तेवढं काम त्याचं. आणि मेढ ज्याची खळं त्याचं, असा गावचा रिवाज. वीस वर्षं खळी हिनं केली आणि नाव त्याचं झालं. त्यावरून नवरा-बायकोत कधी वाकडा शब्द झाला नाही.

सटवाजी वारला आणि इथं घोडं पेंड खायला लागलं. विधवेनं मेढेला हात लावायचा नाही आणि मेढ पुजून होईस्तोवर खळ्यात पाऊलही टाकायचं नाही, म्हणून गावानं काम तिच्या दिराला, भुजंगाला दिलं. भुजंगाला मेढ तेवढी रोवता येत होती. कडूबाई लोकांच्या रानात निंदणी-खुरपणीला जाऊ लागली. वाटेत भुजंगाचं खळं लागलं की मान फिरवून घ्यायची, कारण भेगा बघवायच्या नाहीत. तिला एकच गोष्ट हवी होती. गावची खळी परत आपल्या हातात यायला हवीत, आणि आता कुणाच्या आडून नाही, आपल्या नावानं.

निजामाच्या मुलखातलं फसली तेराशे अठ्ठेचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अडतीसचा हिवाळा सुरू झाला होता. त्या दिवशी कपाळाला भस्माचे पट्टे ओढलेले, अंगानं भरलेले एक गृहस्थ छकड्यातून टाकळीत उतरले. हे मानवतचे बसवंतराव, कापसाचे आणि धान्याचे व्यापारी. हकिमानं त्यांना रोज घाम गाळायला सांगितलं होतं आणि त्यांनी त्यासाठी परभणीला साहेब लोक खेळतात तो खेळ निवडला होता. मध्ये जाळी, हातात तात ताणून विणलेली बॅट आणि इकडून तिकडं उडणारं पिसांचं फूल. पौषात एक मोठे साहेब दौऱ्यावर येऊन मानवतला मुक्काम करणार होते आणि ते ह्या खेळाचे वेडे होते. साहेबांनी आपल्या जागेत आपल्याबरोबर खेळावं, ही बसवंतरावांची हौस. शहरातल्या एका गुत्तेदारानं त्यांना काळ्या मातीवर मुरूम पसरून मैदान करून दिलंही होतं. पाणी आटलं तशा त्याला अशा भेगा पडल्या की एकीत बसवंतरावांच्या तिजोरीची किल्ली गेली, ती अजून सापडलेली नाही.

"सटवाजीचं घर कोणतं?" त्यांनी विचारलं. "माझ्या दुकानात वीस वर्षं त्याच्या खळ्यावरची ज्वारी आली. तसली जमीन मला पायजे."

"दादा जाऊन दोन वर्सं झाली, आप्पा," भुजंग पुढं होऊन म्हणाला. "आता खळी मीच करायलोय."

पारासमोरच्या दारातून कडूबाईचा आवाज आला. "आप्पा, दोन वर्सांत पायलीमागं खडा किती निघायलाय, ते इचारा त्येला. धनी असताना माती मी कालवत होते."

बसवंतराव व्यापारी माणूस. त्यांनी भुजंगाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं आणि मनातल्या मनात वीस वर्षांची आणि दोन वर्षांची पोती शेजारी शेजारी ठेवली. "छकड्यात बस, बाई," ते म्हणाले.

गावचे पाटील आबासाहेब पारावरच होते. त्यांनी हरकत घेतली नाही. तिथं ना धान्य, ना मेढ, ना पूजा. शेटजीच्या खेळण्याला रिवाज कसला लागतो? कडूबाईनं मात्र जाता जाता पाटलांना ऐकवलं, "पाटील, जमीन बघायला या बरं का." आवाजात विनवणी नव्हती, बोलावणं होतं.

बसवंतरावांचा मेहुणा सांबप्पा हैदराबादेत शिकून आलेला आणि तिथंच नोकरीला. त्यानं पत्रातून सगळी मापं कळवली होती. चव्वेचाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, भोवती मोकळं अंतर, जाळी पाच फूट उंचीवर. बसवंतरावांनी ती वाचून दाखवली आणि कडूबाईनं मापाची दोरी करून तिला गाठी मारल्या.

"वरून बैल किती फिरणार?" तिनं विचारलं.

"बैल कशाला? माणसं उड्या मारणार."

"किती माणसं?"

"दोन. लय झाली तर चार."

कडूबाईला हसू आवरेना. "आठ बैलांची खळी केली मी. चार माणसांनी काय व्हायलंय जमिनीला!"

मग जागा. बसवंतरावांच्या दोन जागा होत्या. एक कापसाच्या वखारीमागं, तिन्ही बाजूंनी भिंती, कोंदट. दुसरी गावाबाहेर त्यांच्याच रानातलं टेकाड. कडूबाईनं वखारीमागं मूठभर भुसा वर उडवला. तो तिच्याच डोक्यावर पडला. तिनं नाक मुरडलं. टेकाडावर उडवला तर असा सरळ, झिरझिरीत निघून गेला की तिचा चेहराच उजळला. "हीच जागा," ती म्हणाली. बसवंतरावही कुणब्यांत वाढलेले, त्यांनीही मान डोलावली. असलं वारं मिळायला नशीब लागतं, असंही म्हणाले. दोघांची अक्कल एकाच सुपातली, दुसरं काय!

पंधरा दिवस काम चाललं. काळी माती कमरेइतकी उपसून तिनं मुरूम भरून घेतला. वर गावठाणातली पांढरी माती आणली, कारण पांढरीला काळीसारखी भेग पडत नाही. भुसा, शेण आणि पाणी घालून ती चार दिवस कुजवली, मग बैलांनी तुडवली. नुसत्या डोळ्यांना कळणार नाही एवढा उतार दिला. रोज पहाटे ती टाचेनं ठोकून आवाज ऐकायची आणि जिथं आवाज बद्द येईल तिथं पुन्हा चोपायला लावायची. जाळीचे दोन खांब तिनं स्वतः खड्डे खणून रोवले. कुणी काही बोललं नाही, तेव्हा तिनं मनात त्याची नोंद केली. शेवटी चुन्याच्या रेघा ओढल्या. जमीन अशी झाली की बसवंतराव तिच्यावर तळहात फिरवून म्हणाले, "कडूबाई, हिच्यावर जेवायला बसावं." आजवर केलेल्या सगळ्या खळ्यांत हे सरस आहे, हे तिला ठाऊक होतं आणि ते सांगायला ती लाजत नव्हती.

साहेब यायला नऊ दिवस होते. सांबप्पा बॅटा आणि फुलं घेऊन हैदराबादेहून आला. रंगीत तालीम बघायला मानवत लोटलं. टाकळीहून आबासाहेब आले, मागून भुजंगही आला. सांबप्पानं जमीन पाहून तोंडात बोट घातलं. मग फूल हातात घेऊन त्यानं टोला मारला.

फूल जाळीकडं निघालं, अर्ध्यावर थबकलं, मागं फिरलं आणि सांबप्पाच्या डोक्यावरून थेट शेजारच्या तुरीत गेलं. दुसरं फूल आडवं गेलं. तिसरं बसवंतरावांनी मारलं, ते बोरीच्या झाडात अडकलं.

"भावजी," सांबप्पा डोकं धरून म्हणाला, "ह्या खेळाला वाऱ्याची झुळूकसुद्धा चालत नाही. एवढ्या मुलखात तुम्हांला हेच टेकाड सापडलं?"

"तू पत्रात लिहिलंस का वाऱ्याचं?" बसवंतराव खेकसले.

"ते काय लिहायचं असतं?"

तेवढ्यात भुजंग खो खो हसला. "उधळणीला बरी हाय जागा, भुसा कसा उडंल! आणा ज्वारी!" लोकही हसले. आबासाहेब हसले नाहीत, पण उठून अंगरखा झटकू लागले. पाटील असे निघून गेले तर टाकळीचं खळं तिच्या हाती पुन्हा कधीच यायचं नाही, हे कडूबाईला त्या उठण्यातच दिसलं.

ती मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "चूक माझी हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "खळं म्हनलं की मी वारं बघते. ह्येला वारं नको, हे मी इचारायला पायजे होतं. जमिनीत खोट न्हाई. जागा चुकली. वखारीमागं दुसरी करते."

"नऊ दिवसांत?" बसवंतराव म्हणाले. "अगं, तिथं वारं न्हाई, वाळायलाच महिना लागंल! त्यापेक्षा इथंच कनाती लावू भोवती."

"कनातीवरून वारं आत उतरंल, आप्पा. अर्धं काम मी करत न्हाई." मग तिनं पाटलांकडं पाहिलं. "नवव्या दिशी या, पाटील."

तिनं कुदळ मागवली आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, त्या काचेसारख्या जमिनीवर पहिला घाव स्वतः घातला. दगडावर पडावी तशी कुदळ उसळली. चुन्याची रेघ फुटली तेव्हा सांबप्पानं डोळे मिटून घेतले. कडूबाईला रडू येत होतं आणि ती घाव घालत होती. अशी जमीन पुन्हा आपल्या हातून होईल न होईल, असं तिला एकदा वाटून गेलं. मग वाटेनासं झालं, कारण हात कामाला लागले होते.

तिचा हिशोब सरळ होता. नवी माती कुजवायची, भिजवायची आणि वाळवायची म्हणजे महिना. पण ही माती कुजून, मुरून, वाळून बसलेली. ती फोडून, चाळून, वखारीमागं नेऊन नुसता पाण्याचा हबका मारायचा. मुठीत दाबली की लाडू वळावा आणि तळहात कोरडा राहावा, एवढाच ओलावा. अशी माती वाळवावी लागत नाही, ठोकावी लागते. टाकळीच्या वीस बाया तिनं बोलावून घेतल्या. पुरुषांनी वखारीमागची काळी उपसून मुरूम भरला, आणि बायांनी त्यावर चार बोटांचे थर टाकत लाकडी धुमसांनी ठोकायला सुरुवात केली. आठ दिवस मानवतला दुसरा आवाज नव्हता. बसवंतराव स्वतः धुमस घेऊन उभे राहिले आणि हकिमानं सांगितलेला सगळा घाम त्या आठवड्यात गाळून मोकळे झाले. शेवटच्या संध्याकाळी कडूबाईनं शेणाचा पातळ हात फिरवला, टाचेनं चारी कोपरे ठोकले आणि घोंगडं पांघरून तिथंच भिंतीशी निजली.

नवव्या दिवशी साहेब आले. कडूबाई वखारीच्या दारात उभी होती, आबासाहेब तिच्यापासून दहा हातांवर. साहेबांनी बूट आपटून जमीन पाहिली, भिवया उंचावल्या आणि खेळायला लागले. फूल वर जायचं आणि जिथं मारलं तिथंच शहाण्यासारखं खाली यायचं. बसवंतराव हरले, सांबप्पा हरला, साहेब खुशीत आले. जमिनीचा टवकाही उडाला नाही. "किस ने बनाई ये जमीन?" साहेबांनी विचारलं. बसवंतरावांनी दाराकडं हात केला. साहेबांनी एक साहेबी मान हलवली आणि चहा मागितला. कडूबाईचं लक्ष साहेबांकडं नव्हतंच. ती पाटलांकडं बघत होती. पाटील खाली वाकून, नखानं जमीन उकरून बघत होते. नखात काही आलं नाही.

चार दिवसांनी आबासाहेब तिच्या अंगणात आले.

"ज्वारी कापून पडलीय, कडूबाई. अवंदा खळं तू कर."

"करते की."

"मेढ तेवढी भुजंग रोवंल. रिवाज हाय, मी काय करू?"

कडूबाई शेंगा फोडत बसली होती. तिचा हात थांबला नाही. "मंग माती बी त्येलाच कालवू द्या, पाटील."

"असं काय करायलीस? माझी दीडशे पोती हायत."

"वीस वर्सं माती माझी आन् मेढ दुसऱ्याची. धनी होते, माझं मानूस होतं, मला काय वाटलं न्हाई. आता मी खळं करीन तर मेढ मी रोवीन. न्हाईतर शेंगा फोडायला लय हायत."

गावात काय बोलतील, ते पाटलांना दिसत होतं. दाताखालचा खडाही त्यांना दोन वर्षं कळत होता. ते पाठ फिरवून गेले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरून बैलगाडी आली, गाडीत पांढरी माती भरलेली होती आणि वर मेढेचा खड्डा खणायची पहार ठेवलेली होती.

मेढेच्या दिवशी अर्धं गाव गोळा झालं. कुणी तोंडावर पदर धरून कुजबुजत होतं, भुजंग लांब लिंबाखाली बसला होता. पाटलीणबाई धुरपताबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि क्षणभर अडखळल्या. "तुमी कुंकू लावा, वैनी," कडूबाई म्हणाली. "मी धरून उभी राहते." खड्डा तिनं खणला, मेढ तिनं उभी केली, दगड घालून ठोकली, दोन्ही हातांनी हलवून पाहिली. हलली नाही. मग तिनं पदरानं घाम पुसला आणि कडेला उभ्या असलेल्या पाटलांना म्हणाली, "आबासाहेब, आना बैलं."

पाटील बैल आणायला गेले.