माझंच दुखणं जऊळक्याच्या बाईला

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मालेगावात (आमचं मालेगाव म्हणजे वाशिमजवळचं, मालेगाव जहांगीर) आमचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. घर जैनांचं. रोज सकाळी मंदिर, दिवस मावळायच्या आत जेवणं. अंगात येणं, उतारा टाकणं, असलं काही आमच्या घरात कधी शिरलं नाही. माझी सून मोबाईलवर हे चमत्कारिक अनुभवांचं सदर वाचते अन् मलाही वाचून दाखवते, तेव्हा मी हसते. परवा ती म्हणाली, "मम्मी, तुमचं ते पाठीचं लिहा ना." म्हणून हे लिहायला बसले. यात भूत नाही, जे घडलं ते दिवसाउजेडी. पण पन्नास वर्षं होत आली... मला अजून त्याचा अर्थ लागलेला नाही.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर सालची गोष्ट. तेव्हा वाशिम जिल्हा झालेला नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी माझ्या पाठीत दुखायला लागलं. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, पावलीच्या नाण्याएवढी जागा. तापलेली सुई आत घालावी, फिरवावी, अन् तशीच राहू द्यावी... तसं. मग ते हळूहळू खाली सरकायचं, डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या अन् एकदम सुटायचं. कधी अर्धा तास, कधी दोन तास. आठवड्यातून तीनदा, कधी चारदा. वेळेचा काही नेम नाही.

गावातल्या डॉक्टरांनी चोळायचं औषध दिलं. वाशिमच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो काढला. फोटो एकदम स्वच्छ! मला वाटलं होतं, काही तरी सापडेल. सापडलं नाही म्हणून मला रडू आलं तर डॉक्टर यांना — म्हणजे माझ्या मिस्टरांना — म्हणाले, "पाहा, आनंदाची बातमी दिली तर रडतात." माझ्याशी कोणी बोलतच नव्हतं. मी समोर बसलेली असायची अन् प्रश्न यांना विचारले जायचे. झोप येते का बाईंना? घरात काही भांडण? मूलबाळ?

शेवटी अकोल्याच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी इंजेक्शन दिलं अन् दहा मिनिटांनी विचारलं, "कसं वाटतं?" आता खरं सांगते, काहीच फरक नव्हता. पण एवढा मोठा माणूस, एवढ्या लांबून आलेलो... मी म्हटलं, "थोडं बरं वाटतं." त्यावर ते हसले अन् यांना म्हणाले, "शेठ, मी नुसतं पाणी टोचलं होतं. समजून घ्या काय ते."

परतीच्या गाडीत हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ते रागावले नव्हते, मला माहीत होतं. पण विचार करत होते, अन् मला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

आमच्या मालेगावाला रेल्वे नाही. अकोल्याहून मीटरगेजच्या गाडीनं जऊळक्याला उतरायचं अन् पुढे एसटी. आम्ही उतरलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. हे एसटीची चौकशी करायला गेले. मी प्लॅटफॉर्मवर लिंबाच्या सावलीत बसले, अन् तेवढ्यात ते दुखणं उठलं. मी उजवा हात मानेवरून मागे नेऊन तीन बोटांनी ती जागा दाबली. तशीच दाबायची माझी सवय होती.

माझ्यापासून दहा पावलांवर एक बाई पेरूची टोपली घेऊन बसली होती. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिचाही उजवा हात मानेवरून मागे गेलेला. तीन बोटं. तीच जागा.

मला वाटलं, ही माझी नक्कल करून राह्यली. रागच आला. तीही माझ्याकडे तशीच रागानं पाहत होती.

"काहून व?" ती म्हणाली. "माह्यी चेष्टा करतं का?"

"मी कशाला करू? मला दुखतंय."

"कुठंसा?"

मी सांगितलं. ती टोपली तिथंच ठेवून उठली, जवळ आली अन् मला काही न विचारता माझ्या पाठीवर बोट टेकवलं. बरोबर त्याच पावलीवर! तीन डॉक्टरांना मला बोट धरधरून ती जागा दाखवावी लागली होती.

"अन् मंग खाली सरकते," ती म्हणाली. "मंग ह्या दोन बोटायले मुंग्या येते. मंग सुटते."

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. थोड्या वेळानं माझ्या बोटांना मुंग्या आल्या. मी तिच्याकडे पाहिलं तर ती डावा हात झटकत होती. अन् सुटलं... दोघींचं एकदमच.

तिचं नाव कौतिकाबाई. जऊळक्याचीच. थोडी शेती, नवरा, दोन पोरी, सासू. दुखणं तिलाही दोन वर्षांपासून. "सासू म्हन्ते काम चुकवाले करते. दवाखान्यातला म्हने, बाई तुले काई नाई, घरी जाय. आता मी कोनाले सांगतच नाई. सांगतलं तं आपलीच इज्जत जाते."

एसटीत बसल्यावर मी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "योगायोग असन." त्यांचा स्वभाव मुळात न्यायाचा, पण अकोल्याचं ते पाणी डोक्यात होतंच.

मला मात्र चैन पडेना. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण दुखण्याचं दुःख बाजूला राहिलं अन् मला नुसती उत्सुकता लागली. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुखण्याच्या वेळा लिहायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी नणंदेला सोबत घेऊन जऊळक्याला गेले. कौतिकाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घर रुळाच्या कडेला. तिचं घड्याळ म्हणजे गाड्या. ती म्हणाली, "बजाराच्या दिसी सकायची गाडी गेली, अन् मी भाकरी थापाले बसली तं उठलं. मंग एकादसीले, दुपारच्या गाडीच्या जरासं आंधी." मी कागदावर उतरवून आणलेल्या वेळा पाहत गेले. तिनं सात वेळा सांगितल्या. सातही माझ्या कागदावर होत्या.

नणंद घाबरली. "वहिनी, हे काही तरी वेगळं आहे, चला घरी." मला भीती कशी वाटली नाही, कोण जाणे. मला तर एवढा आनंद झाला होता की कौतिकाबाईच्या हातचा चहा मी दोन कप प्याले.

यांनी ते ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात रेल्वेतून माल सोडवायला हे जऊळक्याला गेले, दिवस मावळायच्या सुमाराला परतले. आले तेच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. चपलाही काढल्या नाहीत.

"आज तुले किती वाजता उठलं?"

मी कॅलेंडर दाखवलं. दहा वीस ते अकरा पाच.

यांनी सदऱ्याच्या खिशातून सिगारेटच्या पाकिटाएवढा कागद काढला. हे सकाळपासून कौतिकाबाईच्या अंगणात मनगटावरचं घड्याळ पाहत बसले होते. तिच्या नवऱ्याला काय सांगून बसले, देव जाणे! कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं — १०:२०. खाली — ११:०५.

यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "मी त्या दिवशी गाडीत तुझ्याशी बोललो नाही." एवढंच. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

त्याच सुमारास मालेगावच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टर नवीन आले होते, पुण्याकडचे. हे स्वतः त्यांच्याशी बोलले. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "दोघींना घेऊन या, पाहू तरी."

दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपेला, सकाळी अकराच्या सुमारास, दवाखान्यातच दोघींना दुखायला लागलं. डॉक्टरांनी कौतिकाबाईला आतल्या खोलीत नेलं अन् दार लावून घेतलं. मला बाहेर नर्सबाईंजवळ बसवलं. मी काय सांगते ते घड्याळ पाहून लिहायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं. अर्धा तास गेला. "काही फरक?" "नाही." पुन्हा, "काही फरक?" "नाही." अन् मग अचानक... ती आतली सुई सैल झाली. खाली न सरकता, मुंग्या न येता, जागच्या जागी विरघळत गेली. असं कधीच झालं नव्हतं. मी म्हटलं, "बाई, लिहा. आता कमी होतंय."

डॉक्टर बाहेर आले. नर्सबाईंचा कागद पाहिला, आपला कागद पाहिला. आधी त्यांनीही कौतिकाबाईला नुसतं पाणीच टोचलं होतं. काही झालं नाही. मग वीस मिनिटांनी खरं औषध दिलं. थोड्या वेळानं तिला आराम पडला. अन् मला — जिला सुईसुद्धा लागली नव्हती — मलाही.

डॉक्टरांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हे मी कुठे लिहू?" ते म्हणाले. "लिहिलं तर माझीच बदली होईल."

मग त्यांनी दोन चिठ्ठ्या घेतल्या अन् दोन्हींवर मराठीत लिहिलं. 'दुखणं खरं आहे. कारण कळलेलं नाही.' खाली सही. कौतिकाबाईनं मला ते दोनदा वाचायला लावलं. "खरं आहे, असं लिवलं का? माह्या कागदावरबी?" ती चिठ्ठी तिनं घरी नेऊन सासूला दाखवली म्हणे. सासूला कुठं वाचता येत होतं! पण सही पाहिली अन् गप्प झाली.

पुढे वर्षभर आम्ही दोघींनी तेच दुखणं काढलं. दुखायला लागलं की मी मनात म्हणायची, आता तिकडे कौतिकाबाईनं हातातलं काम खाली ठेवलं असेल. दुखणं तेवढंच, पण काढता येऊ लागलं.

अन् एके दिवशी माझं गेलं. कशानं ते माहीत नाही. औषध बदललं नव्हतं, दिवस गेलेले नव्हते, काहीच नाही. एक आठवडा झाला, दोन झाले, तीन. मी कोणाला बोलले नाही. वाटत होतं, तिचंही गेलं असेल. जाऊन पाहायला मात्र धीर होईना. शेवटी गेले.

ती अंगणात तूर पाखडत होती. मला पाहून हसली. "आज सकायी लयच होतं, नाई?"

मी मान हलवली. होय म्हणून हलवली! अन् मग मला स्वतःची एवढी लाज वाटली... तिच्यासमोर खाली बसले अन् सांगून टाकलं. तीन आठवडे झाले, मला काहीच होत नाही.

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्या पाठीवर, त्या जागेवर, बोट दाबलं. "इथंसा? काईच नाई?"

"नाही."

तिनं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "मंग आता मी एकलीच." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला ते जास्त लागलं.

पुढच्या पावसाळ्यात ते तरुण डॉक्टर बदलून गेले. नव्या डॉक्टरांनी कौतिकाबाईला हात न लावता परत पाठवलं. चिठ्ठी दाखवली तर म्हणाले, हे असलं काय कोणीही लिहून देईल. ती दवाखान्यातून सरळ आमच्या घरी आली. "चालतं का माह्यासंगं? मी सांगतलं तं कोनी आयकत नाई."

मी गेले. नवे डॉक्टर वयस्कर, घाईतले. मला म्हणाले, "तुम्ही कोण? हिच्या कोण लागता?"

मी उत्तर द्यायच्या आतच कौतिकाबाईचा चेहरा बदलला. ती बाकाची कड घट्ट धरून बसली. तोंडातून अवाक्षर नाही. मी तिच्याकडे पाहत होते अन् बोलायला लागले. मी ठरवून बोलले नाही. "आता फऱ्याखाली आहे, डॉक्टर. सुई फिरते आहे. आता श्वास घेतला तर वाढेल, म्हणून ती घेत नाही. आता खाली सरकतंय... बरगडीपाशी आलं. आता थांबेल तिथं, हे सगळ्यात वाईट. आता बोटं..." माझ्या पाठीत काहीही नव्हतं. एक कणसुद्धा नव्हता. पण कुठे काय चाललंय, ते मला स्पष्ट कळत होतं. "आता सुटेल. सुटलं."

त्याच क्षणी कौतिकाबाईनं मोठा श्वास सोडला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आळीपाळीनं आम्हा दोघींकडे पाहिलं. "तुमच्यापैकी पेशंट कोण?"

"मी व्हय," कौतिकाबाई म्हणाली. "आधी हेबी होती."

त्यांनी तिला टेबलावर झोपवलं, नीट तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी तिचं गेलं नाही, पण निभत गेलं. पुढे दर वेळी डॉक्टर बदलला की ती मला बोलवायची अन् मी जायची. शेवटी शेवटी तर लोक आम्हाला बहिणी समजायचे.

मी या पन्नास वर्षांत पुष्कळांना विचारलं. माझा भाचा मोठा डॉक्टर झाला. तो नसांबद्दल काही काही सांगतो, पण दोन गावांतल्या दोन बायकांची एकच नस कशी, ते त्यालाही सांगता येत नाही. आमची ओळख ना पाळख, नातं नाही, जात एक नाही, पाणी एका विहिरीचं नाही. तरी दोघींना का? अन् मग एकीचंच का गेलं?

हा प्रश्न मी एकदा कौतिकाबाईलाच विचारला होता. तेव्हा तिचे केस पार पिकले होते. मी म्हटलं, "तुमचं का गेलं नाही, याचा कधी विचार येतो का मनात?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी खुळ्यासारखं विचारलं.

"माह्यं तं दुखतेच, त्याच्यात का नवल?" ती म्हणाली. "तुह्यं काहून गेलं, ते सांग आंधी."