मीटरमामांचं शून्य

मी नववीत होते त्या वर्षी सिद्धेश्वर धरणाचं पाणी होळीआधीच पार खाली गेलं. वडिलांच्या जाळ्यात मासळी लागेना. आई लोकांच्या शेतात हळद शिजवायला रोजाने जायची. त्यात मी गणितात दोनदा नापास. वार्षिक परीक्षेत तेच झालं तर शाळा बंद आणि आईबरोबर रोजाला, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं.

त्यातून मला काढलं मीटरमामांनी. ते धरणावर पाण्याची पातळी नोंदवायला होते. भिंतीवरच्या रंगवलेल्या पट्टीवर रोज सकाळी आकडा बघायचा आणि फोनवर कळवायचा, हे त्यांचं काम. गावात कुणी काहीही मोजून सांगितलं की त्यांचा एकच सवाल : "कुठून?" एका लग्नात कुणीतरी नवरदेवाची उंची कौतुकाने सांगितली, तर हे शांतपणे म्हणाले, "फेट्यापासून का डोक्यापासून?"

पट्टीवरचे आकडे चारशेच्या पुढचे. त्यामुळे आपलं धरण चारशे मीटर खोल आहे, असं वडील पाहुण्यांना छाती फुगवून सांगत. मामांनी एकदा ते ऐकलं.

"खोल न्हाई दाजी, समुद्रापासून तेवढं वर हाय."

इथं समुद्र कुठला आला, म्हणून वडील हसले. समुद्र मामांनीही पाहिला नव्हता. पण साहेबांना विचारून विचारून त्यांनी पक्कं केलं होतं : समुद्र रोज चढतो, उतरतो. त्याची मधली पातळी म्हणजे शून्य.

परीक्षेच्या आधी मी वही घेऊन काठावर रडत बसले होते. सात मोठे, मग उणे सात हे उणे तीनपेक्षा लहान कसे, तेच मला कळेना. मामा शेजारी टेकले.

"हाच समुद्र समज. पाण्याची रेघ म्हणजे शून्य. एक जाळं तीन हात खाली सोडलं, एक सात हात. जास्त खाली कोणतं?"

"सातचं."

"जे खाली, ते लहान. झालं."

मग काठावरच्या बाभळीवर बसलेला खंड्या दाखवून म्हणाले, तो पाण्यापासून पाच हात वर, मासळी तीन हात खाली. किती झेप घ्यावी लागेल? मी पाचातून तीन काढले आणि दोन म्हणाले.

"दोन हातांत त्याची चोच पाण्याला बी लागत न्हाई. उपाशी मारून राहिली का त्याला?"

मी हसले, आणि हसता हसता आठ म्हणाले. त्या वर्षी गणितात पास झाले. वडील पुन्हा रोजाचं बोलले नाहीत.

पुढे मामा निवृत्त होऊन हट्ट्याकडे आपल्या गावी गेले. मी हिंगोलीला कॉलेजात. शेवटच्या वर्षी आमची सहल कोकणात गेली. पाण्याच्या कडेला पोचल्याबरोबर मी त्यांना फोन लावला.

"मामा, शून्यावर उभी आहे."

मामा म्हणाले, "भरती हाय का ओहोटी?"

मी शहाळंवाल्याला विचारलं. ओहोटी होती.

"मग तू उण्यात उभी हायेस, माय. शून्य तुझ्या मागं राहिलं. वर चढ जरा."

मी चपला हातात घेऊन ओल्या वाळूवरून वर चढत गेले. ते फोनवर विचारत होते, आली का, आली का.

मामा आता नाहीत. सहलीच्या त्याच वर्षी मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली.