खाटांच्या कमिटीच्या आपा

ज्या घरी काही द्यायला जायचं, त्या घरी आपा आधी काहीतरी मागायच्या. कुणाकडं पाणी, कुणाकडं बिनसाखरेचा चहा, कुणाकडं लोणच्याची फोड. दारात टेम्पो उभा, टेम्पोत दवाखान्यातल्यासारखी लोखंडी खाट, आत अंथरुणाला खिळलेला माणूस, घरातल्या बाया रडवेल्या; आणि या मात्र चप्पल काढून, नकाब वर करून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसकण मारायच्या आणि म्हणायच्या, "पैले मेरेकु कुछ खाने कु देव मा. चल चलके थक गई मैं."

आमच्या घरीही त्या तशाच आल्या. माझे वडील बिलोलीचे, एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर नांदेडला माझ्याकडं राहायला आले आणि एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं, पण साध्या पलंगावर त्यांना उठवून बसवणं मला आणि आईला जमेना. पाठीला जखमा व्हायला लागल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं दुकान आहे. तिथं काम करणाऱ्या नसरीननं मला सांगितलं की त्यांच्या मोहल्ल्यातली कमिटी रोग्यांच्या खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर असं घरी वापरायला देते; काम झालं की परत करायचं. मी घुटमळले. कमिटी मुसलमानांची, आमच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. आपल्याला कशी देतील? नसरीननं फक्त दोन गोष्टी विचारल्या. वडील उंचीला किती आहेत, आणि घराचं दार किती रुंद आहे.

त्या दिवशी आईनं आपांना गार भाकरी आणि तिळाची चटणी दिली. त्या खाऊ लागल्या तशी आई उठली आणि गरम भाकरी टाकते म्हणून परातीशी बसली. वडील पडल्यापासून आई कुणाशी धड बोलली नव्हती. भाकरी थापता थापता ती आपांशी बिलोलीच्या गोष्टी बोलत राहिली. खाट आत येऊन जोडून झाली तरी तिचं लक्ष नव्हतं. पुढं एकदा मी आपांना या मागण्याबद्दल विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "नुसतं घेणाऱ्याची मान खाली जाती गं. तुझ्या आईनं मला आधी जेवू घातलं. मग माझी खाट घ्यायला तिला कसली लाज?"

वडील त्याच खाटेवर गेले, पण पाठीला जखम नसताना गेले. खाट परत करायला म्हणून मी कमिटीच्या खोलीवर गेले ती तिथलीच झाले.

आपा उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. नवरा लवकर वारलेला, एकुलती मुलगी लातूरला दिलेली. कमिटीच्या सदर, म्हणजे अध्यक्ष, त्या कशा झाल्या याची गोष्ट सलीमभाई रंगवून सांगायचा. सलीमभाई म्हणजे आमच्या टेम्पोचा मालक, चालक आणि तक्रारखोर. सुरुवातीला कमिटीत सगळे पुरुषच. पण रोगी बाई असली की तिला उचलायचं कुणी, कुशीवर कसं वळवायचं ते दाखवायचं कुणी, असा घोळ व्हायचा. तेव्हा मोंढ्यातले लोखंडाचे व्यापारी हाजीसाब, ज्यांच्या मदतीवर निम्मी कमिटी चालायची, तेच म्हणाले की बाईमाणूस पुढं असल्याशिवाय हे काम व्हायचं नाही. दोघं-तिघं रुसून घरी बसले. आपा त्यांच्या घरी जाऊन चहा मागून आल्या. त्यातला एक परत आला नाही. बाकीचे आले.

खिदमतगारांसाठी, म्हणजे आम्हा काम करणाऱ्यांसाठी, त्यांचा एकच नियम कडक होता. उपाशीपोटी कुणी रोग्याच्या घरी जायचं नाही. खोलीत पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "जेवलीस का?" हाव म्हटलं तरी तोंडाकडं बघून खरं-खोटं ओळखायच्या आणि डब्यातली खिचडी पुढं सरकवायच्या. "उपाशी माणसाच्यानं खिदमत होत न्हाई, किरकिर होती," असं त्यांचं म्हणणं. रमजानात मात्र पंचाईत व्हायची. मग रोजेदारांना त्या सकाळी थोडं काम देत आणि दुपारचं सगळं ओझं माझ्यावर आणि शेजारच्या गल्लीतल्या दोन मराठा पोरांवर टाकत. आम्ही घामाघूम होऊन परत आलो की रोज्यानं जीभ कोरडी पडलेल्या त्याच आम्हाला सरबत करून देत आणि समोर बसून प्यायला लावत.

एकदा बैठकीत एका गृहस्थांनी प्रश्न काढला की कमिटी आपल्या लोकांची, मग खाटा दुसऱ्यांच्या घरी जास्त का जाऊन राहिल्या? खोलीत मीही होते. सगळे माझ्याकडं न बघण्याचा प्रयत्न करू लागले. आपांनी शांतपणे सांगितलं की जकात, म्हणजे धर्मानं सांगितलेलं दान, ज्यांच्या हक्काची त्यांनाच जाते, ती वेगळी ठेवलेली असते, मौलानांना विचारूनच तसं ठरवलेलं आहे. खाटा लोकांनी खुशीनं दिलेल्या देणग्यांच्या आहेत आणि त्या आजारी माणसाच्या आहेत. तेवढ्यावर त्या थांबल्या. पण दुसऱ्या दिवशी त्याच गृहस्थांना त्यांनी खाट पोचवायला बरोबर घेतलं. घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि जिना अरुंद. खाटेची मागची बाजू त्यांच्याकडं. वर पोचल्यावर घरच्या म्हातारीनं पदरानं त्यांच्या कपाळाचा घाम पुसला. त्यांनी तो विषय परत काढला नाही. सलीमभाई म्हणायचा की हे म्हातारीमुळं नव्हे, जिन्यामुळं झालं.

नसरीनला आपांनीच घडवलं असं लोक म्हणतात. मी जे पाहिलं ते थोडं वेगळं होतं. नसरीन हुशार, पण भिडस्त. हाजीसाब खोलीत आले की ओढणी सारखी करत कोपऱ्यात जायची. आपा तिला कधी भाषण करायला लावत नसत, पुढं ढकलत नसत. फक्त कुणी काही विचारलं की म्हणत, "नसरीनकु पूछो." नसरीन उत्तर द्यायची आणि लगेच आपांकडं बघायची. आपा त्या वेळी खिडकीबाहेर बघत असत.

मग आपा न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. मुलगी येऊन त्यांना लातूरला घेऊन गेली, ऑपरेशन तिकडंच झालं. तिथून त्या रोज फोन करत. कोणाच्या घरी काय चाललंय, कोणती खुर्ची दुरुस्त झाली, सगळं विचारत. सदरपद नावाला त्यांच्याकडंच होतं. त्या काही परत येत नाहीत हे सगळ्यांना कळलं होतं आणि पुढचे सदर हाजीसाबच होणार असं सगळे धरून चालले होते.

त्या भादव्यात गोदावरीला पूर आला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि सकाळपर्यंत नदीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं. वीज गेली. त्या वस्त्यांत आमच्या कितीतरी खाटा होत्या आणि प्रत्येक खाटेवर स्वतःहून उठू न शकणारं माणूस होतं. सगळ्यांत अवघड मन्मथअप्पांचं. हे किराणा दुकानदार म्हातारे लिंगायत गृहस्थ, फुप्फुसं निकामी झालेली. आमच्या कमिटीचं विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र त्यांच्या उशाशी होतं आणि आता ते बंद पडलं होतं. जोडीला ठेवलेला सिलिंडर किती वेळ पुरेल याची खात्री नव्हती.

खोलीवर आम्ही सात-आठ जण जमलो. सलीमभाईचा टेम्पो पाण्यात जाणं शक्य नव्हतं. आधी कुठं जायचं, माणसं न्यायची कशी, ठेवायची कुठं? मी आपांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. परत लावला. नसरीननं लावला, सलीमभाईनं लावला. रोज स्वतःहून फोन करणाऱ्या आपा त्या सकाळी फोन उचलेनात. माझ्या मनात नाही नाही ते आलं.

नसरीननं हातातला फोन खाली ठेवला. मग उचलून हाजीसाबांना लावला. एरवी त्यांच्यासमोर आवाज न फुटणारी पोर सरळ म्हणाली, "हाजीसाब, गोदामातला ट्रॅक्टर होना. अभी होना." तिकडून ते काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण ती लगेच म्हणाली की शादीखान्याची चावीही पाठवा. फोन ठेवला आणि तिनं आम्हाला वाटून दिलं. मन्मथअप्पा पहिले. त्यानंतर ज्यांच्या घरात फक्त बायका आहेत ती घरं. सलीमभाईनं शादीखान्यात गाद्या टाकायच्या. मी दवाखान्यांत फोन करून सिलिंडर मिळवायचा.

अर्ध्या तासाच्या आत ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत स्वतः हाजीसाब उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून. "किधर जाना, बोलो बेटी," एवढंच त्यांनी विचारलं.

दुपारपर्यंत सगळी माणसं शादीखान्यात आली. आदल्या दिवशीच्या लग्नाची सजावट अजून उतरवलेली नव्हती. मन्मथअप्पांना आडवं केलं की दम लागायचा, म्हणून त्यांना स्टेजवरच्या नवरदेवाच्या सोनेरी सोफ्यावर बसवलं, शेजारी नवा सिलिंडर उभा केला. त्यांच्या बायकोला जागा उरली ती नवरीची. कमरेपर्यंत भिजलेली ती म्हातारी तिथं अवघडून बसली, आजूबाजूच्या झेंडूच्या माळांकडं बघितलं आणि म्हणाली, "आमच्या लग्नात बी असं बसलो न्हवतो आमी." मन्मथअप्पा नळीच्या आडून हसले. हसता येतंय म्हणजे श्वास पुरतोय, असं म्हणून नसरीन भिंतीला टेकली आणि मग कितीतरी वेळ रडली.

त्या संध्याकाळी आपांच्या मुलीचा मेसेज आला की अम्मी ठीक आहे. तेवढाच. मला फार राग आला. पूर ओसरल्यावर पहिल्या रविवारी मी लातूरची एसटी पकडली.

मुलीनं दार उघडलं आणि मी विचारण्याआधीच हळू आवाजात सांगितलं. "अम्मी त्या दिवशी फोन मांडीवर घेऊनच बसली होती. प्रत्येक वेळी नाव बघत होती. मी उचलायला गेले तर माझ्या हातावर मारलं. दिवसभर तोंडात अन्न घेतलं नाही."

आपा खिडकीजवळ बसल्या होत्या, हातात वॉकर. मी आतून पेटले होते, तरी पाया पडायला वाकले. मग विचारलं, का उचलला नाही?

"उचलला असता तर काय विचारलं असतंस?"

"आधी कुणाकडं जायचं ते."

"मला हितून काय दिसून राहिलं होतं? पाणी तिकडं, माणसं तिकडं. मी काहीतरी बोलले असते आन् तुम्ही तेच धरून बसला असता. सदर बोलली म्हणून."

"आणि मन्मथअप्पांना काही झालं असतं तर?"

त्यांनी वॉकर बाजूला सरकवला. डोळे भरून आले ते पुसले नाहीत. "तर मी चुकले असते, सुजाता," त्या म्हणाल्या. "तुमी न्हाई, मी. ते घेऊन मरावं लागलं असतं मला."

माझा राग पूर्ण गेला असं म्हणणार नाही. आजही मला वाटतं की मी त्यांच्या जागी असते तर फोन उचलला असता. पण पुढच्या बैठकीत हाजीसाबांनी उभं राहून सदर म्हणून नसरीनचं नाव सुचवलं तेव्हा कुणीच हरकत घेतली नाही. त्यांनी फक्त एक अट घातली, ट्रॅक्टर मागताना आधी सलाम तरी करत जा. सगळे हसले. नसरीन अध्यक्षाच्या खुर्चीवर बसली आणि तिनं कुणाकडंही बघितलं नाही.

आपा नंतर लातूरलाच राहिल्या. काठी घेऊन हिंडायला लागल्या. फोन कमी झाले. मी विचारलं की वेळ कसा जातो, तर "थोडं शिकायला जाऊन राहिले" म्हणत. मला वाटलं कुराणाचा वर्ग असेल.

गेल्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. नांदेडहून आम्ही दोन गाड्या भरून गेलो. पुरुष मय्यत घेऊन गेल्यावर घरात बायका राहिल्या. माझ्या शेजारी एक तिशीची बाई बसली होती, रेणापूरची, लातूरला सासर. ती सारखी डोळे पुसत होती. तिनं सांगितलं की लातुरात दीड-दोन वर्षांपूर्वी आम्ही काही जणींनी मिळून रोग्यांना सामान द्यायचं काम सुरू केलं, मी त्यात पुढं असते, आणि ही आजी रोज यायची. सांगेल ते काम करायची. चाकं पुसायची, दारावर बसून चपला सांभाळायची.

मी म्हणाले, "ती आमची सदर होती. नांदेडला अशीच कमिटी तिनं कितीतरी वर्षं चालवली."

तिनं डोळे पुसायचं थांबवलं.

"पण वॉकरची उंची कशी लावायची ते तर मी शिकवलं त्यांना," ती म्हणाली. "दोनदा विचारून घेतलं होतं त्यांनी. आन् जमल्यावर मला म्हणाल्या, छान शिकवतीस तू."