सासूच्या जुडग्यातली किल्ली

जयपुरात मालवीय नगरच्या एका मागच्या गल्लीत प्रणाली पिसाळ राहते आणि जवळच्याच शाळेत भूगोल शिकवते. आमेरच्या तलावापलीकडे मोठं पाणी न पाहिलेल्या मुलांना ती फळ्यावर भरती-ओहोटी काढून दाखवते. माहेर वेंगुर्ल्याचं. चालायला आणि पोहायला ती जवळजवळ एकदमच शिकली. लग्न ठरवताना हॉल, साड्या, मानपान सगळं बोलून झालं, पण ही मुलगी समुद्राशिवाय कशी राहील हा प्रश्न कुणाला पडला नाही. तिलाही पडला नव्हता, तेव्हा.

नवरा गौरांग, विमा कंपनीत अधिकारी. सासरे हिंदुराव फौजेतले. निवृत्त होऊन इथंच घर बांधलं आणि इथंच गेले. सासू शालनबाई मूळच्या कराडकडच्या. सगळा जन्म जयपुरात काढला, पण बोली कराडचीच राहिली आणि घरच्या किल्ल्या कमरेलाच. कपाटं, ट्रंका, गच्चीचं दार, कुठं उघडं दिसलं की त्यांना चैन पडत नाही. प्रणालीला त्या घरात साखरेच्या डब्यासाठी किल्ली मागावी लागत नाही एवढंच काय ते.

मागच्या वर्षी गौरांगचं अजमेरच्या एका बाईशी असलेलं प्रकरण उघडकीला आलं. म्हणजे प्रणालीला कळलं, दुसऱ्या कुणाला नाही. ‘आईला सांगू नकोस, ती मरेल,’ म्हणत तो तिच्या पायाशी बसून रडला. तिनं सासूला सांगितलं नाही. तिला हवं होतं ते फार नव्हतं. रडारड न करता त्यानं तिच्या डोळ्यांत बघावं आणि मी तुझ्याशी वाईट वागलो, असं एकदा साधेपणानं म्हणावं. बस.

पण साधेपणा या माणसाच्या अंगात नाही. त्यानं इंटरनेटवरून एक वस्तू मागवली. पुरुषानं कपड्यांच्या आत, कमरेखाली चढवायचा छोटासा स्टीलचा पिंजरा. एकदा कुलूप लावलं की मनात आलं तरी काही करता येत नाही, किल्ली बायकोकडे. त्यानं तो चढवला आणि तिला बोलावून तिच्या हातावर किल्ली ठेवली. ‘आता सगळं तुझ्या हातात,’ म्हणाला. दुसरी किल्ली त्यानं कानोत्याला सहलीला गेल्यावर तिच्यादेखत धरणात भिरकावली. तिथं समोसे खात बसलेल्या लोकांनी वळून पाहिलं. एवढं नाटक करायला याला कुणी सांगितलं होतं? ती म्हणालीही, ‘मला हे नको आहे.’ त्याला वाटलं, ती मोठ्या मनानं बोलतेय.

झालं, त्या दिवसापासून गौरांग शुद्ध झाला. आठवड्याला ती किल्ली देणार, हा आंघोळ करून, परत कुलूप लावून ती तिला आणून देणार. मंगळसूत्रातच अडकव, तिथं ती शोभते, हाही त्याचाच हट्ट. अजमेरचा विषय तिनं काढला की त्याचं उत्तर तयार असे. ‘आणखी काय करू मी? मतलब, हे घालून फिरतोय ना?’ गुन्हा त्यानं केला, शिक्षाही त्यानंच ठरवली, आणि हिला मात्र पगाराशिवाय जेलरची नोकरी लागली. तिला त्या किल्लीची किळस यायची. आंघोळीला ती काढून ठेवली की मान हलकी वाटायची.

यंदा त्याची एलटीसी, म्हणजे कंपनीच्या खर्चानं फिरायची रजा, निघाली आणि प्रणालीनं पहिल्यांदाच हट्ट धरला. माहेरी नको, नातेवाईक नकोत, वेंगुर्ल्याजवळच्या एखाद्या किनाऱ्यावर चार दिवस राहू. निघायच्या आधी ती त्याला म्हणाली, ‘ते काढून इथंच ठेव. आपण फिरायला चाललोय.’

‘नाही,’ तो म्हणाला. ‘मी शब्द दिलाय.’

शब्द दिलेल्या माणसाला विमानानं मात्र जाता येईना, कारण विमानतळावर तपासणीचं यंत्र असतं आणि ते स्टीलला बघून ओरडतं. सासूही बरोबर येणार होती, मग त्यानं सगळीकडे सांगितलं, ‘आईला विमानाची भीती वाटते.’ शालनबाईंना कशाचीच भीती वाटत नाही. पण मुलगा म्हणतोय तर वाटत असेल, असं मानून त्या दुखरे गुडघे घेऊन रेल्वेच्या डब्यात चढल्या.

समुद्र दिसला तेव्हा प्रणाली रिक्षात होती. तिनं तोंडावर पदर धरला. सासूला वाटलं धूळ जातेय.

आपल्याकडे किनाऱ्यावर एक जण कोरडं राहतं. सगळ्यांच्या साखळ्या, घड्याळं, चष्मे ओच्यात घेऊन बसतं आणि बाकीचे पाण्यात जातात. ते काम शालनबाईंकडे आलं. चटईवर बसून त्यांनी रुमाल पसरला. ‘काढा बाई काय असंल ते. समिंदर कुणाचं सोनं परत देत न्हाई.’ प्रणालीनं कुड्या काढल्या, बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढून रुमालावर ठेवलं आणि धावत सुटली. किल्ली त्यात आहे हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा तिला त्या किल्लीचा विसर पडला होता.

ती पोहली. लाटेखालून शिरून पलीकडे निघाली, पाठीवर पडून राहिली, तोंडात गेलेलं खारट पाणी तिला गोड लागलं. आपण अजून जिवंत आहोत, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं आणि मग वाईटही वाटलं, इतके दिवस न वाटल्याबद्दल. गौरांगही आला होता, दोन ढगळ चड्ड्या एकावर एक चढवून, कमरेवर हात दाबून. प्रत्येक लाटेला तो पाठ करायचा. पोहायला त्याला कुणी गळ घातली नव्हती. पण लांबून तो तिच्याकडे ज्या चेहऱ्यानं पाहत होता त्यावरून तिला कळलं, हे सगळं तिला दाखवण्यासाठी चाललंय. बघ, समुद्रातसुद्धा मी ‘कुलूप उघड’ म्हटलं नाही. तिचा पोहण्यातला जीवच गेला.

ती बाहेर आली. शालनबाईंनी कुड्या दिल्या, बांगड्या दिल्या, मंगळसूत्र दिलं. मंगळसूत्रात फक्त वाट्या होत्या.

‘किल्ली व्हय? मी जुडग्यात घातली,’ सासू कमरेवर थाप मारून म्हणाल्या. ‘गळ्यात अडकवून कशाला हिंडतीस? पडली असती म्हणजे?’

गौरांग मागे येऊन उभा होता, अंगातून पाणी गळत. त्याचा चेहरा उतरला. त्यानं प्रणालीकडे पाहिलं, ती काहीतरी बोलेल, निभावून नेईल म्हणून. अजमेरचं निभावलं तसं, विमानाचं निभावलं तसं. तिच्या ओठावर आलंच होतं, आई, द्या ती माझी. ती थांबली आणि केस पिळायला लागली.

खोलीत आल्यावर दार लावून तो म्हणाला, ‘जा ना, मागून आण. आत वाळू गेलीय. मिठानं आग होतेय.’

‘आई तुझी आहे. कुलूप तुझं आहे. तू माग.’

‘मी काय सांगू तिला?’

‘खरं सांग. नाहीतर खोटं सांग. पण तुझ्या तोंडानं सांग.’

‘प्रणाली, प्लीज.’

‘नाही,’ ती म्हणाली. अजमेरच्या बदल्यात तिनं त्याच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट होती. स्वतःची लाज एकदा, आईसमोर, स्वतः उचल. त्यानं ती उचलली असती तर, खरं सांगते, तिनं त्याला मनापासून माफ केलं असतं. कुलूप तर त्याच दिवशी भंगारात दिलं असतं.

त्यानं मागितली नाही. उरलेले दिवस तो खोलीत पंख्याखाली पडून राहिला, पोट बिघडलंय म्हणून. शालनबाईंनी मुलासाठी हॉटेलवाल्याकडून पेज करून घेतली. परतीच्या गाडीत तो सबंध वेळ कुशीवरून कुशीवर होत राहिला, आणि प्रणाली खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिला त्याची दया येत होती. दया येतेय याचाच तिला राग येत होता.

जयपूरला पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात कणीक मळत असताना बाहेर तो आईशी बोलायला लागला. प्रणालीचे हात थांबले. मागतोय, अखेर मागतोय.

‘आई, ती किल्ली... मतलब, प्रणालीची. तिच्या कपाटाचा आतला खण आहे ना, त्याची आहे. ती तो कुणाला उघडू देत नाही. मलाही नाही. तुझ्याकडे मागायला तिला लाज वाटते, म्हणून मी मागतोय.’

मग शालनबाईंची हाक आली. प्रणाली पिठाच्या हातांनी बाहेर गेली.

‘नवऱ्यापास्नं काय दडवून ठेवतीस गं कुलपात?’ सासू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट. ‘माझं पोरगं सरळ हाय म्हणून खपवून घेतंय. दुसरा असता तर खण फोडला असता.’

‘आई, ती किल्ली माझ्या कपाटाची नाही. कशाची आहे ते गौरांगला विचारा.’

‘त्यानं सांगितलं मला.’

प्रणालीनं गौरांगकडे पाहिलं. तो शेजारच्या खुर्चीची कड नखानं खरवडत होता. शालनबाईंनी जुडग्यातून किल्ली सोडवली आणि मुलाच्या हातावर ठेवली. ‘तुझ्यापाशी ठेव. बाईच्या हातात एवढं देऊ नये.’ आणि त्यानं ती घेतली. मूठ मिटली, बाथरूममध्ये गेला आणि आतून कडी लावली. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उजळलं होतं. जेवताना त्यानं भाजी दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी ती गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन खाली आली तर तो खोलीत तिची वाट बघत उभा होता.

‘घे,’ तो किल्ली पुढे करून म्हणाला. ‘मलम लावलं, परत कुलूप घातलंय मी. मोडला नाही शब्द.’

तिनं किल्ली घेतली. त्याला बरं वाटलेलं तिला दिसलं. मग कपडे पलंगावर टाकून ती सरळ सासूच्या खोलीत गेली.

‘आई, ही तुमच्याकडेच ठेवा. मला काही दडवायचं नाही. गौरांगला लागली की तो तुमच्याकडेच मागेल.’

शालनबाईंनी चष्म्यातून तिच्याकडे पाहिलं आणि खूश झाल्या. ‘आत्ता कशी शहाणी झालीस,’ म्हणाल्या, आणि किल्ली जुडग्यात ओवून जुडगा कमरेला खोचला. पलीकडच्या खोलीतून गौरांगनं तिला दोनदा हाक मारली. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं कुकर लावला.