येणारं इंजिन

कुमुदताई पाठमोऱ्या गाडीचा फोटो काढत नसत. गाडी समोरून येत असेपर्यंत धडाधड फोटो. इंजिन शेजारून पुढे गेलं, की कॅमेऱ्यावर झाकण. आम्ही बाकीचे हौशी लोक गर्रकन वळून पाठही टिपायचो. त्या आम्हाला झाडत. "जाणाऱ्याला काय बघायचं? घरून निघताना 'जातो' म्हणता की 'येतो'?"

नाशिकरोडला त्या माझ्या शेजारी. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि वाफेच्या इंजिनांपायी ठार वेड्या. ठिकठिकाणी चबुतऱ्यांवर उभी केलेली जुनी इंजिनं त्या बघून आल्या होत्या, पण एकाचाही फोटो काढला नव्हता. "ती काय, हार घातलेली तसबीर. मला धूर सोडत येणारं हवंय. तेही आपल्या मेन लाइनवर."

आणि ते येणार होतं. दुरुस्त केलेल्या एका जुन्या इंजिनाची मनमाडहून नाशिकरोडपर्यंत चाचणी ठरली. नेमकं त्याच आठवड्यात ताईंच्या हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टरांनी घराबाहेर पडायलाही बंदी केली. भाच्याने दम भरला, "मावशी, फोटो मी आणून देतो."

ताई उसळल्या. "तुझ्या डोळ्यांनी बघू होय? मला आडवं करायचंय ना, करा. पण त्याआधी मी तिथे उभी राहणार."

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी रिक्षा आणायला गेलो.

ओढा गावाजवळ रुळांलगतच्या कोबीच्या शेतात आम्ही बाकीच्या हौशी मंडळींबरोबर थांबलो. शेतकरीण म्हणाली, "बसा की आजी, लय वेळ झाला. गाडी काय पळून नाय जायची."

"पळणं हेच तिचं काम, बाई," म्हणत ताई बांधावर उभ्याच राहिल्या.

शिट्टी ऐकू आली, धूर दिसला आणि सगळ्यांचा हिरमोड झाला. इंजिन एकटंच होतं आणि उलटं येत होतं. कोळशाचा डबा पुढे, धुरांड्याचं तोंड मागे. ते वळवून घ्यायला जागा नव्हती, असं नंतर कळलं. ताईंची आयुष्यभराची हौस, आणि समोर आली ती पाठ! त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. पण शेजारी कॅमेरा धडाधड वाजत होता.

इंजिन आम्हाला ओलांडून पुढे गेलं, तेव्हा त्याचं काळंभोर, देखणं तोंड आमच्याकडे झालं. सगळे वळले. मी ओरडलो, "ताई, आता काढा! तोंड दिसतंय!"

त्यांनी शांतपणे झाकण लावलं. "दिसू दे. ते चाललंय."

"अहो, पण तुम्ही पाठीचे फोटो काढलेत!"

"असेना पाठ. येत होतं की नाही?"

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना चाकांच्या खुर्चीवरून आत नेलं. मागून मला पांढरा अंबाडा तेवढा दिसत होता. वळून न बघता त्यांनी हात वर केला आणि ठणकावून म्हणाल्या, "येते रे!"

त्या आल्या नाहीत. मला अजून राग येतो त्यांचा. दिलेला शब्द मोडायची सवय नव्हती त्यांना.

त्यांचा तो फोटो माझ्या बैठकीत लावलाय. पाहुणे म्हणतात, "इंजिन सुरेख आहे हो, पण हे तर चाललंय."

मी हातातला चहा खाली ठेवतो आणि भांडायलाच उठतो.

"नीट बघा. येतंय ते."