बरणीतली पाल आणि अक्का

पाल पाळायची हौस मला कधीच नव्हती. मी तेव्हा नववीत होते आणि राग सदा नाकावर. एकदा आईशी भांडून मी खिडकी धाडकन लावली, तर चौकटीत पालीचं एक पिल्लू सापडलं. शेपूट तुटून तिथंच वळवळत राहिलं, मागचा एक पाय चेंगरला. भिंतीवर चढायला गेलं की टपकन खाली पडायचं. आता हे केलं कुणी? मीच. मग लोणच्याची रिकामी काचेची बरणी स्वच्छ धुतली, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं आणि पिल्लाला आत ठेवलं.

आईनं नाक मुरडलं. अप्पा बंगळूरच्या पीण्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. ते म्हणाले, "त्यापेक्षा कुत्रं तरी आणायचंस." एवढंच. खरी अडचण अक्काची होती.

अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. यजमान गेल्यावर ती आमच्याकडे आली, त्याला बारा वर्षं झाली होती. ते जायच्या पाच दिवस आधी स्वयंपाक करताना तिच्या डोक्यावर पाल पडली होती. त्या दिवशी नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून ती ना आंघोळीला गेली, ना कुणाला काही बोलली. पाचव्या दिवशी यजमान कारखान्यात कोसळले. रडता रडता तिच्या तोंडून पालीचं निघालं आणि झालं! सासरच्यांनी सगळा बोल तिलाच लावला. पंचांगातही डोक्यावर पडलेल्या पालीचं फळ तसलंच छापलेलं. आपणच नवऱ्याला मारलं, असं अक्का मनापासून धरून बसली होती.

ती तीनदा कांचीला जाऊन तिथल्या देवळातल्या सोन्याच्या पालीला हात लावून आली. आमच्याकडे समजूत अशी, की त्या पालीला ज्यानं हात लावलाय त्याला नुसतं शिवलं तरी आपला दोष जातो. त्यामुळे गल्लीत कुणावर पाल पडली की ती बाई थेट आमच्या दारात. "अक्का, स्वल्प हात द्या." अक्का हात पुढे करायची आणि म्हणायची, "सरी, झालं, जा आता, काही होत नाही." अख्ख्या गल्लीचा दोष ही घालवणार, आणि स्वतः मात्र पाल दिसली की पांढरीफटक! मला तिची कीवही यायची आणि रागही यायचा.

बरणी मी माझ्या टेबलावर ठेवली. अक्का त्या खोलीत पाऊल टाकेना. पिल्लू पहिले दोन दिवस काही खाईना. मी मेलेले डास टाकले, त्यांच्याकडे त्यानं बघितलंही नाही. मग कळलं, हलेल तेच त्याचं अन्न. केळ्याची साल बरणीत ठेवली की चिलटं आपोआप जमतात, हा शोध माझा मीच लावला. तिसऱ्या दिवशी त्यानं पहिलं चिलट मटकावलं आणि मी एकटीच टाळ्या पिटल्या. वाटीतलं पाणी ते पीत नसे. काचेवर थेंब शिंपडले की चाटायचं. डिसेंबरात गारठा वाढला तसा टेबललॅम्प बरणीजवळ आणला. एकदा कात टाकली आणि स्वतःची कात स्वतःच खाल्ली. शी! पण बघत बसले. महिन्याभरात शेपटीचा नवा खुंट आला, जरा काळपट.

एका रविवारी साल बदलत होते. पिल्लू माझ्या मनगटावरून सरसर वर आलं आणि थेट डोक्यावर. नेमकी तेव्हाच अक्का मला हाक मारत दारात आली.

"अय्यो!" ती किंचाळली. "आधी आंघोळीला जा! नाहीतर इकडे ये, मला शिव." तिनं हात पुढे केला.

"नाही शिवणार," मी म्हणाले. "तुझ्यावर पाल पडली म्हणून तुझे यजमान गेले, असंच ना? मग आता बघू कोण जातंय."

उचलली जीभ लावली टाळ्याला! बोलून गेले आणि माझं मलाच कसंतरी झालं. अक्का हात मागे घेऊन निघून गेली.

त्यानंतर तिनं दिवस मोजायला सुरुवात केली. मी शाळेतून आले की कपाळाला हात लावून बघायची. अप्पा जेवताना नुसते खोकले तरी हिचा घास हातातच. आंघोळ मी मुद्दाम केली नव्हती, आणि आता करून उपयोग नव्हता. सॉरी म्हणायचं सुचत होतं, पण तोंड उघडेना.

पाचव्या दिवशी अप्पा वेळेवर आले नाहीत. साडेसहा झाले, सात झाले. अक्का फाटकाला धरून उभी. आई म्हणाली, "येतील हो, आत या," पण ती हलेना. खरं सांगते, तेव्हा मीसुद्धा घाबरले. बरणीतल्या त्या पिल्लाचा मला पहिल्यांदाच राग आला.

साडेसातला अप्पा कोपऱ्यावर दिसले. बस वाटेत बंद पडली होती, निम्मी वाट चालत आले होते.

"छातीत दुखत नाही ना तुझ्या?" अक्कानं फाटकातच विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" अप्पा हसले आणि पायरीवर बसून चपला काढू लागले.

अक्का आत गेली. बरणी घेऊन बाहेर आली, दिव्याखाली बसली, फडकं सोडलं आणि हात आत घातला. पिल्लू लंगडत लंगडत तिच्या तळहातावर चढलं आणि तिथंच थांबलं.

"आमच्या यांच्या छातीत आधी दीड महिना दुखत होतं," ती म्हणाली. "रोज सुंठ उगाळून लावायची मी. डॉक्टरकडे चला म्हणायची. सासूबाई म्हणाल्या, वाताचं आहे, उगाच खर्च नको. हे मला कुणी विचारलंच नाही रे. सगळ्यांनी पालीचंच विचारलं."

अप्पांच्या हातातली चप्पल हातातच राहिली. ते तिचे सख्खे भाऊ. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.