शंभुलिंगच्या रक्तात शिरलेलं बेरकी बिऱ्हाड

लोहाऱ्याच्या स्टँडवर जीप लावणारा शंभुलिंग तरुणपणी लग्नं जेवण्यात पटाईत होता. अर्थात बिनबोलावता. एका गावात फेटा बांधायचा, दुसऱ्यात टोपी घालायची, आणि मांडवाच्या दारातल्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचं, "काय पाव्हणं, वळखलं न्हाय व्हय?" समोरचाच ओशाळायचा.

दोन वर्षांमागं तो भात कापायच्या मशीनवर गडचिरोलीकडं गेला आणि ताप घेऊनच परतला. "थंडी बाधली," म्हणत त्यानं दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी त्यानं बायकोला, गजराबाईला, "कंडक्टर, धाराशिव एक" म्हणत तिकीट मागितलं. ती हसली नाही. शेजारच्या धनाजीला चालवायला बसवून तिनं त्याच्याच जीपमधून त्याला धाराशिवला नेलं. रक्तात जहरी मलेरिया निघाला. मेंदूपर्यंत गेलेला.

सहाव्या दिवशी शंभुलिंग शुद्धीवर आला आणि त्यानं आधी मटणाचा रस्सा मागितला. पुण्यात मलेरियावर संशोधन करणारी पुतणी, अर्पिता, त्याला भेटायला आली. तिला एक नळी रक्त हवं होतं.

"दीन की. पण आधी सांग, माझ्या अंगातली फौज कुठं झोपली होती?"

"काका, हा जंतू लाल पेशीत शिरतो आणि तिच्या अंगावर आपली प्रथिनं लावतो. त्यातल्या काहींमुळं पेशी मेंदूच्या नसांत चिकटून बसतात. शरीर ओळखायला लागलं, की तो प्रथिनंच बदलतो. काही प्रथिनं तर पहारेकरी पेशींचा ब्रेकच दाबून धरतात. मग पहारेकरी गप्प."

कोपऱ्यातून गजराबाई म्हणाली, "म्हंजे तुमच्यासारखंच की हो! फेटा बदलायचा आन् खांद्यावर हात!"

अख्खा वॉर्ड हसला. शंभुलिंगचे कान तापले.

"म्या जेवून गुमान निघून तरी जायचो," तो पुटपुटला. "कुणाचा मांडव पाडला न्हाय कधी."

त्यानं दंड पुढं केला. "कागदावर माझं नाव येईल?"

"नाव नाही, नुसता नंबर."

"मंग नंबर तरी झ्याक दे."

आता जीपमध्ये कुणी कुडकुडताना दिसलं, की शंभुलिंग आधी सरकारी दवाखान्यापुढं ब्रेक मारतो. परवा त्यानं कल्याणप्पा मास्तरांना असंच उतरवलं. ते बर्फ घातलेला उसाचा रस पिऊन कापत होते. मास्तरांनी शिव्या घातल्या, पण रक्त दिलं.

मलेरिया निघाला नाही. साखर निघाली.